जमेची बाजू

माणसे जुने वाडे आणि हवेल्या पाहायला का जातात, ह्याची कारणे पुष्कळ सांगता येतील. कोणी इतिहासाच्या ओढीने जातात, कोणी फोटो काढायला जातात, आणि कोणी नुकतेच लग्न झालेले असते म्हणून कुठेही जातात. आम्ही बँकेतले लोक मात्र एकाच कारणाने जातो. एलएफसी वाया जाऊ नये म्हणून. ज्यांना हे अक्षरत्रय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, एलएफसी म्हणजे रजेतल्या प्रवासभाड्याची सवलत. ठरावीक वर्षांत एकदा बायकामुलांना घेऊन कुठेतरी जाऊन यायचे आणि भाडे बँकेने द्यायचे. न गेल्यास रोख पैसेही मिळतात, पण त्यांवर प्राप्तिकर कापला जातो. आणि प्राप्तिकर भरण्यापेक्षा वाळवंटात फिरलेले बरे, असे आमच्या शाखेत सर्वांचे एकमत आहे.

यंदा आमच्या सौ.ने जैसलमेर ठरवले. मी कोकण सुचवून पाहिले होते. "कोकणात समुद्र आहे, मासे आहेत आणि तुमची आत्या आहे," असे म्हणून तिने तो प्रस्ताव तिसऱ्या मुद्द्यावर फेटाळला. कन्या अकरावीला आहे. ती कॉमर्सला गेली ह्याचा दोष ती मला देते आणि मी नशिबाला देतो. रोज रात्री जेवणानंतर मी तिला जमाखर्चाचे धडे देतो. "प्रत्येक जमेला एक नावे असते" हे वाक्य मी तिच्यापुढे इतक्या वेळा म्हटले आहे, की आमच्या घरातल्या पोपटाने, पोपट असता तर, तेवढेच पाठ केले असते. हे सगळे सांगायचे कारण, पुढे जैसलमेरात हेच वाक्य माझ्यावर उलटले.

जैसलमेरात उतरल्यावर पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे सबंध गाव एका रंगाचे आहे. रावळ जैसलने ११५६ साली किल्ल्याचा पाया घातला तोही पिवळा दगड, आणि गल्लीतल्या चहावाल्याची पायरी तोही पिवळा दगड. ऊन कलले की अख्खे गाव ताटात थापलेल्या बेसनवडीसारखे दिसते. पाण्याचे दुर्भिक्ष, म्हणून इथे चुना कालवण्याची चैन नव्हती. दगडाला खाचा पाडून दगडात दगड अडकवायचे. असे असूनही त्या कारागिरांनी दगडाची जी जाळी विणली आहे, ती पाहून आमची सौ. म्हणाली, "एवढं बारीक तर मला क्रोशाचंसुद्धा जमत नाही." बायकोने स्वतःला काही जमत नाही असे कबूल केल्याचा आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग. शिल्पकलेचा ह्याहून मोठा गौरव मी तरी ऐकलेला नाही.

आम्ही पाहायला गेलो ती पटव्यांची हवेली. ही एक हवेली नसून एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पाच हवेल्या आहेत. गुमानचंद पटवा नावाच्या जैन व्यापाऱ्याला पाच मुलगे. पाचांसाठी पाच घरे. पहिल्याचे काम १८०५ साली सुरू झाले आणि पाचही पुरी व्हायला पुढची पन्नासएक वर्षे लागली. (आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या एका जिन्याला किती लागली ते मी सांगत नाही.) ह्यांतली पहिली पुढे कोठारी कुटुंबाकडे गेली. तिची डागडुजी झाली, आणि आता तिथे तिकीट काढून पाहण्याचे संग्रहालय आहे.

'पटवा' हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडे सराफकट्ट्यावर, एखाद्या दुकानाच्या ओट्यावर पटवेकरी बसलेला असतो. सराफाने घडवलेले मणी रेशमात ओवायचे, गाठी मारायच्या, मागे गोंडा लावायचा, हे त्याचे काम. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो ज्या शांतपणे तुमची बोरमाळ गाठवतो, तो शांतपणा मला आजवर एकाही शाखाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलेला नाही. जैसलमेरच्या पटव्यांचे नावही ह्या रेशमाच्या आणि जरीच्या धाग्यावरूनच पडलेले. पुढे धागा सुटला आणि व्यापार वाढला. जर आली, अफू आली, सावकारी आली, आणि राजस्थान-माळव्यातल्या गावोगाव पेढ्या निघाल्या. धाग्यापासून दगडापर्यंत असा हा प्रवास. मी बी.कॉम. झालो त्याच टेबलावर आज वीस वर्षे बसलो आहे. त्यामुळे असे प्रवास मला फार थोर वाटतात.

आत शिरताच गाइडने आमचा ताबा घेतला. गाइडच्या तोंडचे आकडे आमच्या शाखेला मिळणाऱ्या ठेवींच्या उद्दिष्टांसारखे असतात. त्यांवर विश्वास कोणी ठेवत नाही आणि खोटे ठरवायलाही कोणी जात नाही. तो भिंतीवरचे रंगकाम दाखवी, छताकडे बोट करी, आरसे लावलेल्या दालनात मेणबत्ती कशी शंभर ठिकाणी दिसत असेल ते हातवारे करून सांगे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सोने का पानी, साब!" असे म्हणे. आमच्या सौ.चे लक्ष वेगळ्या गोष्टींकडे होते. एवढ्या जाळ्यांतली धूळ कोण काढत असेल? स्वयंपाकघर खाली आणि माणसे तिसऱ्या मजल्यावर, तर गरम पोळी वर कशी पोचत असेल? गाइडला सोन्याचे पाणी माहीत होते, पण पिण्याचे पाणी वर कोण चढवी ते ठाऊक नव्हते.

आणि मग आम्ही शेटजींच्या बैठकीत आलो.

आजवर मी जे राजवाडे पाहिले त्यांतून बाहेर पडताना मला नेहमी हलके वाटत आले आहे. सिंहासन, शस्त्रागार, शिकारखाना ह्यांपैकी कुठेही आपली सोय झाली असती असे वाटत नाही. पण ह्या बैठकीत मात्र मला माझी जागा दिसली. गादी, लोड, तागडी, वजने, कुलपे, आणि कडेला बसके लाकडी मेज. त्या मेजामागची जागा मुनिमाची. शेटजी लोडाला टेकणार आणि मुनीम पाठीला बाक आणून लिहिणार. माझ्या पाठीच्या दुखण्याचे मूळ किती जुने आहे ते मला त्या दिवशी कळले.

मेज पाहिल्याबरोबर मला हुंडी आठवली. कॉलेजात 'हुंडीचे प्रकार सांगा' हा प्रश्न हमखास येई, आणि आमच्या वर्गातल्या एकाने उत्तराची सुरुवात 'हुंडी ही एक वाईट सामाजिक प्रथा आहे' अशी केली होती. पण हुंडी ही थोर वस्तू होती हो! इथल्या शेटजींनी चिठोरी लिहायची आणि शेकडो कोसांवरच्या पेढीने ती पाहून रोकड मोजायची. दाखवताच पैसे ती दर्शनी; मुदतीने पैसे ती मुदती. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून ती निम्म्याने आणि दुपटीने लिहायची: रुपये हजार, ज्याचे निमे पाचशे, त्याचे दुणे हजार. हरवली तर दुसरी प्रत ती पेठ, तीही हरवली तर परपेठ, आणि पैसे चुकते झाल्यावर उरलेला कागद तो खोका. इंग्रजांनी १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट केला, तेव्हाही देशी भाषेतल्या असल्या कागदांच्या रूढींना पहिल्याच कलमात हात लावायचे टाळले. आज आमच्याकडे माणसाला स्वतःच्याच खात्यातले पैसे मिळवताना आपण आपणच आहोत हे चार प्रकारे सिद्ध करावे लागते. त्या काळी वाळवंटातून उंटावरून गेलेल्या कागदावर माणसे डोळे मिटून पैसे देत. ह्या भिंती खऱ्या अर्थाने त्या विश्वासावर उभ्या होत्या, असे मी कन्येला जरा भारावूनच सांगितले.

कन्या ऐकत होती. तिची एक सवय आहे. ती ऐकते तेव्हा मान हलवत नाही. मान हलवणारी मुले धोकादायक नसतात.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे हे घर नफ्यातून आणि व्याजातून बांधलं."

"अर्थात."

"म्हणजे ह्या वहीत व्याज जमा."

"जमा."

"मग नावे कोणाच्या पडलं?"

मी गाइडकडे पाहिले. गाइडने माझ्याकडे पाहिले. मी त्याला माझ्या हिंदीत विचारले, की बाबा रे, शेटजींचे सामान तर तू सगळे दाखवलेस, पण ज्यांना शेटजींनी कर्ज दिले त्यांचे काही ह्या घरात ठेवले आहे का? एखादी गहाण पडलेली वस्तू, एखादा अंगठा? गाइड दयाळूपणे हसला. "कर्ज़दार का म्यूज़ियम कौन देखेगा, साब?"

ह्या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या भाषेची एक गंमत पाहा. हिशेबातल्या डाव्या बाजूला आपण 'जमा' म्हणतो आणि उजव्या बाजूला 'नावे'. ही 'नावे' म्हणजे माणसांचीच नावे. रक्कम कोणाच्या तरी नावावर टाकायची, म्हणून ती नावे पडली. इंग्रजी डेबिटमध्ये माणूस दिसत नाही. मराठीत मात्र त्या बाजूला कोणीतरी उभा असतो. डाव्या बाजूला पैसा गोळा होतो आणि उजव्या बाजूला माणसे. मी हे वीस वर्षे रोज लिहितो आहे आणि हे मला आजवर सुचले नव्हते. ते तिकीट काढून, एका परक्या सावकाराच्या बैठकीत, पोटच्या पोरीने विचारल्यावर सुचले.

मग मला ते सबंध संग्रहालयच ताळेबंदासारखे दिसू लागले. ताळेबंदाच्या डोक्यावर एक तारीख असते. त्या एका दिवशी काय स्थिती होती, एवढेच तो सांगतो. आदल्या दिवशी काय होते आणि दुसऱ्या दिवशी काय झाले, हे विचारायचे नाही. दुरुस्त केलेल्या जुन्या घराचेही तसेच असते. घराने दोनशे वर्षे काढलेली असतात. त्यांतला कुठला दिवस परत आणायचा, हे दुरुस्त करणारा ठरवतो; आणि तो नेहमी शेटजींचा सर्वांत चांगला दिवस निवडतो. ह्या गावाने वाईट दिवसही पाहिले. मुंबई बंदर वाढले, रेल्वे आल्या, माल समुद्राने जाऊ लागला आणि उंटांचे तांडे ओसरले. १९४७ साली सिंधकडे जाणाऱ्या वाटेवर सरहद्द पडली आणि उरलासुरला व्यापारही थांबला. पेढ्या उठल्या, माणसे गावे सोडून गेली, हवेल्यांना कुलपे लागली. त्या कुलूपबंद दिवसाचे दालन कुठल्याही संग्रहालयात नसते. तिथे गालिचा असतो, गालिच्यावर लोड असतो, आणि शेटजी नुकतेच उठून आत गेले आहेत असा देखावा असतो. ते आत गेलेले नाहीत. ते गेले, त्यांच्याआधी त्यांचे कर्जदार गेले, आणि दोघांपैकी एकाचाच लोड शिल्लक राहिला.

"तुम्ही लगेच शेटजींना खलनायक करू नका," सौ. म्हणाली. ती आयुष्यभर माझ्याविरुद्ध बोलत आली असली तरी सावकारांच्या बाजूने बोलताना मी तिला प्रथमच ऐकले. "अडीनडीला कोणीतरी पैसे देणारा लागतोच. त्याने दिले नसते तर बियाणं कुठून आलं असतं? आणि पन्नास वर्षं इथे पाथरवटांच्या घरी चूल पेटली, ती कोणामुळे?"

तिचे खोटे नव्हते. व्यापारी जोखीम घेतो, ओसाडीत माल आणतो, देवळे बांधतो. ह्याच घराण्यातल्या हिम्मतरामांनी गावाजवळ अमरसागरच्या काठी १८७१ साली बांधलेले जैन मंदिर आजही उभे आहे. आणि ह्या पटव्यांनी कोणाला नाडल्याचा माझ्यापाशी काडीचा पुरावा नाही. पण व्याज म्हणून एक जात असते. ती भल्या माणसाच्या वहीतही तशीच वाढते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती दंगल मला आठवली. दख्खनचे दंगे म्हणून ती इतिहासात आहे. तिथले सावकार वेगळे, हे पटवे वेगळे. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण त्या शेतकऱ्यांना काय हवे होते ते पाहण्यासारखे आहे. त्यांना सावकाराचा जीव नको होता. त्यांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या, आणि जाळल्या. सरकारला त्यावर चौकशी करावी लागली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे पाहा, कागदावरून आपले नाव पुसण्यासाठी माणसांनी तुरुंगाची भीती सोडली. आणि इथे ती नावे आपोआप पुसली गेली आहेत, तर आता मला ती हवी आहेत! नावे जाळणाऱ्याचे बरोबर, की शोधणाऱ्याचे? मला वाटते दोघांचेही. जिवंतपणी ते नाव गळ्यातला फास असते आणि मेल्यावर तेवढीच त्या माणसाची खूण उरते.

कारागिरांचेही तेच. सकाळीच आम्ही दिवाण नथमलांची हवेली पाहिली होती. ती १८८५ सालची. दोन भावांनी ती दोन बाजूंनी बांधायला घेतली. हाथी आणि लालू ही त्यांची नावे. दर्शनी भागाची डावी आणि उजवी बाजू लांबून सारखी दिसते, पण जवळ जाऊन पाहिले की नक्षी जुळत नाही. कारकुनाच्या दृष्टीने हा भयंकर प्रकार. आमच्या दोन बाजू पाच पैशांनी जुळल्या नाहीत तर आम्ही रात्री नऊपर्यंत घरी जात नाही. पण गंमत अशी, की ज्यांच्या दोन बाजू जुळल्या नाहीत त्यांचीच नावे गावाच्या तोंडी राहिली. पटव्यांच्या हवेलीत सगळे कसे जुळलेले आहे. तिथल्या एकाही सिलावटाचे नाव आमच्या गाइडला सांगता आले नाही.

इथवर मी इतिहासाबद्दल बोललो, कारण दुसऱ्याच्या वहीत डोकावणे नेहमीच सोपे. आता माझ्या टेबलाबद्दल सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या एका शाखेत सोनेतारणाच्या टेबलावर होतो. एक बाई मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बोरमाळ घेऊन आल्या. सराफाने ती तोलली. बोरमाळेचे एकूण वजन एक आणि निव्वळ वजन दुसरे. मण्यांत लाख भरलेली असते ती वजा, धागा वजा, गोंडा वजा. पटवेकऱ्याने जीव ओतून गाठवलेला तो तांबडा धागा, बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्य. मी 'धागा वजा' असे लिहिले आणि रक्कम काढली. बाईंनी सही केली. दागिना पाकिटात, पाकीट तिजोरीत.

पुढे हप्ते थांबले. रजिस्टर्ड नोटिसा गेल्या. वर्तमानपत्रात जाहिरात आली. लिलाव झाला. ह्यातली प्रत्येक नोटीस मी तयार केली होती, आणि प्रत्येक बिनचूक होती. कर्ज, व्याज आणि खर्च वळते करून जे उरले ते बाईंच्या खात्यात जमाही केले. नियमाप्रमाणेच. त्यानंतर आठ दिवसांनी त्या रुमालात बांधून पैसे घेऊन आल्या. मुलगी मोठ्या हॉस्पिटलात लागली होती, तिचा पहिला पगार होता. मी त्यांना फाइल उघडून दाखवली. नोटिशीच्या तारखा दाखवल्या. जाहिरातीचे कात्रणही दाखवले. त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंची होती. कोणी घेतली, एवढं सांगता येईल?" मी म्हटले, "येत नाही. शिवाय ती आता आटवलीही असेल." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही, साहेब. तुम्ही तरी काय करणार?" आणि गेल्या.

त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. भांडणाऱ्या ग्राहकासाठी आमच्याकडे तक्रारवही आहे. पण माफ करणाऱ्या ग्राहकाची नोंद कुठे करायची ह्याचे परिपत्रक अजून आलेले नाही. आमच्याकडे जी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही ती सस्पेन्स खात्याला टाकतात, आणि तिमाही संपायच्या आत ते खाते साफ करा म्हणून वरून पत्रे येतात. माझ्या मनातल्या सस्पेन्स खात्यात ती बोरमाळ तशीच पडून आहे. तिचा धागासुद्धा. कारण मला आजवर कळलेले नाही, की चूक कोणाचीच नसताना नुकसान झाले तर ते कोणाच्या नावे टाकायचे. सगळ्या नोंदी बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीही काहीतरी उरते. शेटजींच्या मुनिमालाही असेच काही उरत असेल का? तोही संध्याकाळी दप्तर बांधताना, "नियमाप्रमाणेच झालं," असे स्वतःला सांगत घरी जात असेल का?

मग अशा घरातले सौंदर्य पाहावे की नाही? मी जाळीपाशी उभा राहून बराच विचार केला. पाहू नये म्हटले तर ह्या देशात पाहण्यासारखे काही उरणार नाही. दुसऱ्यांचे कशाला, माझा दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या कमी व्याजाच्या कर्जाचा आहे, आणि ती सवलत ज्या पूर्ण व्याज भरणाऱ्यांच्या जिवावर मिळते त्यांत त्या बाईही होत्या. ही एलएफसीसुद्धा त्यातलीच. त्यांच्या बोरमाळेच्या धाग्याला धरूनच मी ह्या जाळीपर्यंत आलो, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा तोंड फिरवण्याचा अधिकार मला नाही. पण पाहून विसरावे, 'सोने का पानी' म्हणून बाहेर पडावे, हेही आता जमेना. मला आपले वाटते, सुंदर वस्तू मनसोक्त पाहावी, तिच्यावर रागावू नये, पण तिची वही उजव्या बाजूनेही वाचावी. वाचून कर्ज फिटत नाही. फक्त नावे नावांसारखी वाचली जातात, आकड्यांसारखी नाही. एवढे केल्याने जग सुधारणार नाही हे मलाही कळते. पण त्या प्रवासानंतर मी एक करतो. नोटीस तयार झाली की टपालात टाकण्याआधी एक फोन करतो. तो माझ्या कामात बसत नाही, आणि पुष्कळदा पलीकडून कोणी उचलतही नाही.

बाहेर पडताना दाराशी अभिप्रायाची वही होती. रकाने तीन: नाव, गाव, अभिप्राय. आमच्या सौ.ने 'फारच सुंदर, पण स्वच्छतागृहाकडे लक्ष द्यावे' असे लिहून पेन माझ्या हातात दिले. वही समोर आली की माझा हात आपोआप चालतो. मी पहिल्या रकान्यात त्या बाईंचे नाव लिहिले. दुसऱ्यात त्यांचे गाव. तिसरा कोरा ठेवला. त्यांचा अभिप्राय मी कोण देणार? बँकेत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असल्यामुळे ते नाव मी इथे सांगत नाही. जैसलमेरच्या वहीत आहे, कोणाला हवे तर पाहावे.

कन्येने खांद्यावरून डोकावून पाहिले. "बाबा, ह्या कोण?"

"ग्राहक," मी म्हटले.

ती ह्या वेळीही मान न हलवता नुसती पाहत राहिली.

"अहो, स्वतःचं नाव लिहायला विसरलात," सौ. पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?"